कोऱ्या बटणांचा कीबोर्ड

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळी साडेदहा. मंगरूळपीर, तहसील कचेरीसमोरचा गाळा.

हजर: मी. माझे धाकटे दीर, ज्यांच्या वाटणीला हा गाळा आला ते. शेजारच्या दुकानात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करणारे चाचा. आसेगावहून अर्ज लिहून घ्यायला आलेली एक बाई. गैरहजर: माझा नवरा. दीर-भावजयीच्या वादात पडणार नाही, असं सांगून ते शेतात तूर पाहायला गेले होते.

कोण हजर होतं ते मी आधी लिहून ठेवते. मागाहून प्रत्येक जण आपल्या सोयीनं सांगतो.

गेली बावीस वर्षं मी या गाळ्यात बसून अर्ज, प्रतिज्ञापत्रं, संमतीपत्रं टाइप करते. या उन्हाळ्यात उजव्या हाताची अनामिका सकाळी उठल्यावर वाकलेलीच राहू लागली. सरळ करायला गेलं की कट्‌ करून सुटायची आणि कोपरापर्यंत कळ जायची. डॉक्टर म्हणाले, टायपिंग कमी करा. ही बातमी दिरांपर्यंत कशी गेली ते माहीत नाही, पण पुढच्याच आठवड्यात ते टेप घेऊन आले आणि गाळ्याची लांबी-रुंदी मोजू लागले. त्यांना इथे बियाणं आणि औषधांचं दुकान टाकायचं होतं.

"वयनी, आता आराम करा. बोट गेलं तं कोन पाहीन?" टेप गुंडाळत ते म्हणाले. "अन् आता टायपिंग कोनाले पायजे? मोबाईलमंदी बोललं का लिहून निंगते."

त्यांनी बोलूनही दाखवलं. मोबाईलनं चार ओळी बऱ्यापैकी लिहिल्या, हे मी कबूल करते.

"दिवाळीनंतर खाली करून द्या," ते म्हणाले.

त्या दिवशी मी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे लिहिलं: बोट. उजवीकडे: गाळा. बोट सांभाळून गाळा टिकवायचा, तर मधे काय बदलता येईल याचा विचार केला. हात बदलता येत नाही. काम सोडायचं नव्हतं. उरला कीबोर्ड.

कचेरीसमोरच्या आमच्या टायपिस्टांच्या ओळीत सगळेच सर्वांत स्वस्त कीबोर्ड घेतात. वर्षभरात त्यांची बटणं रबरासारखी बसतात, मग दुसरा आणायचा. मी मेकॅनिकल घ्यायचं ठरवलं. त्यात प्रत्येक बटणाखाली स्वतःच्या स्प्रिंगचा वेगळा स्विच असतो. महागडे खूप आहेत, तिकडे मी पाहिलंही नाही. मला हवा होता तो साधा, अंगठ्याजवळ लांब स्पेसबार असलेला, आणि स्विच उपटून दुसरे बसवता येतील असा. असा एक परवडणारा निघाला. मागवताना स्विच कोणते हवेत असं विचारलं होतं. मी आवाजावरून निवडले. टकटक वाजणारे, घट्ट. टायपिंग इन्स्टिट्यूटमधल्या मशीनसारखे.

ही माझी चूक. ती लपवत नाही.

पहिल्याच दिवशी भिंतीपलीकडून चाचांनी हाक मारली, "बाई, कीबोर्ड आनला का फुटाने भाजून राह्यल्या?"

"आवाज येते का, चाचा?"

"आवाज? गिऱ्हाईक म्हनते मिक्सर बंद करा, अन् इथं मिक्सर चालूच नाही."

आठ दिवसांत बोट जास्त सुजलं. मी नवा कीबोर्ड परत खोक्यात घातला आणि जुन्यावर टाइप करताना स्वतःच्या हाताकडे पाहत बसले. तेव्हा कळलं. आम्ही सगळे मशीनवर शिकलेले. आमचे सर म्हणायचे, तिसऱ्या कार्बनवर अक्षर दिसलं नाही तर ते मारलंच नाही असं समजा. म्हणून आम्ही बटण मारतो, दाबत नाही. कार्बन जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी या ओळीतली सगळी बोटं अजून तिसऱ्या कागदापर्यंत जातात. मेकॅनिकल स्विचमध्ये अक्षर अर्ध्या वाटेतच उमटतं. उरलेली अर्धी वाट मी उगाच चालत होते आणि तळाला बोट आपटत होते.

चाचांना सांगितलं. त्यांनी डोकं खाजवलं आणि फवारणीच्या पंपाचे रबरी वॉशर आणून बटणांच्या टोपीखाली घातले. बटण खालीच जाईना. "पंपाले लागते ते कीबोर्डले नाही लागत," असा निष्कर्ष त्यांनीच काढला आणि वॉशर परत खिशात टाकले.

मग मी हलक्या स्प्रिंगचे स्विच मागवले. दाबताना मध्यावर बारीकसा खडा लागल्यासारखं होतं, तिथे अक्षर उमटलेलं असतं. तिथूनच बोट मागे घ्यायचं. टोप्याही बदलल्या. आलेल्या टोप्यांवर इंग्रजी अक्षरं होती, ती मला निरुपयोगी. मराठीची जागा माझ्या बोटांना पाठ आहे. म्हणून कोऱ्या मागवल्या, राखाडी, काहीही न छापलेल्या.

पार्सल उघडलं तर स्विचला दोन प्लास्टिकचे पाय जास्त. आमच्या कीबोर्डला तेवढी भोकं नाहीत. परत पाठवण्यात आठवडा गेला असता, आणि दिवाळी होऊन महिना होत आला होता. चाचा कटर घेऊन बसले. सत्त्याऐंशी स्विच, प्रत्येकी दोन पाय. गुरुवारी दिवसभर ते मिक्सरची गिऱ्हाइकं परत पाठवत पाय कापत राहिले.

शुक्रवारी सकाळी शेवटची टोपी बसवली आणि 'म' उमटेना. म नसेल तर मराठीत काय लिहिणार? तेवढ्यात दीर आले.

"वयनी, दुपारी रॅकवाला येऊन राह्यला. सामान काढून ठेवा."

"आधी हे पाहू द्या."

"हे काय? याच्यावर तं अक्षरंच नाही!"

"मले दिसतात."

आसेगावची बाई दारात उभी होती. वारसाच्या नोंदीवर हरकत घ्यायची होती. दिरांनी मोबाईल तिच्यापुढे धरला. "बोला बाई, मोठ्यानं बोला. आत्ता लिहून देतो."

तिनं मागे पाहिलं. समोर कचेरीच्या ओसरीवर आठ-दहा माणसं बसली होती. त्यात तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊही होता. तिनं पदर तोंडाशी धरला.

"बोला ना, लाजता काहून?"

"भाऊजी, मोबाईल ठेवा," मी म्हणाले. "तिले सगळ्या गावाले नाही सांगायचं."

चाचांनी चिमट्यानं 'म'चा स्विच उपटला. खालची एक पिन वाकली होती. त्यांनी ती सरळ केली, फुंकर मारली, दाबून बसवला. मी एकदा मारलं. नाही, दाबलं. म उमटला.

बाई माझ्या कानाशी वाकली आणि कुजबुजत सांगू लागली. काय सांगितलं ते मी इथेही लिहिणार नाही. तो कागद तिचा आणि तहसीलदारांचा. मी अर्ध्या वाटेतून बोट मागे घेत टाइप केलं. मधे चारदा जुनी सवय उफाळली आणि तळ वाजला. वेग कमी पडला, अनामिका एकदा अडकली, मी ती सरळ केली आणि पुढे गेले. दीड पान झालं. तिनं वाचून घेतलं, अंगठ्यानं डोळे पुसले आणि कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवला.

ती गेल्यावर दीर माझ्या खुर्चीत बसले. एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. पडद्यावर काहीतरी भलतंच उमटलं.

"याच्यावर दुसरा मानूस कसा बसीन?"

"नाही बसनार."

चाचा हसले. दीर हसले नाहीत. "लय जिद्दी हा तुमी," म्हणाले, आणि बाहेर जाऊन रॅकवाल्याला फोन केला, आज येऊ नको म्हणून. परत आले तेव्हा टेप अजून हातातच होता.

"पाहू आता. उन्हाळ्यापर्यंत राहा."

"पाहू नाही, भाऊजी. लेखी द्या. गाळा माझ्याकडे भाड्यानं, माझ्या नावानं."

"लेखी? घरातल्या घरात?"

"बावीस वर्सं मी घरातल्या घरातलेच कागद टाइप करून राह्यली. परक्यांचे भांडनं तं चहावर मिटते."

नाही असं ते म्हणाले नाहीत, टेप खिशात टाकला. मी लगेच बसले आणि नव्या कीबोर्डवर भाडेकरार टाइप केला. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, विजेचं बिल कुणाचं, सगळं. दोन साक्षीदार: एक चाचा. दुसरा माझा नवरा. त्यांना विचारलेलं नाही, पण तूर पाहून झाली की ते येतीलच.

मुदतीपाशी अडलं. ते तीन वर्षं म्हणतात, मी दहा. बोट काय म्हणतं ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगणारही नाही. करार छापून टेबलाच्या खणात ठेवला आहे. मुदतीचा आकडा भरायचा आणि दिरांची सही घ्यायची राहिली आहे.