रिकाम्या फाइलचा ठसा

कांबळे मॅडमची आणि माझी पहिली भेट जवळजवळ भांडणानेच झाली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी शिवाजी पेठेतल्या त्यांच्या संगणक वर्गात नोकरी मागायला गेलो होतो. "काय काय येतंय?" त्यांनी विचारले. "सगळं येतंय," मी छाती फुगवून म्हणालो. "मग हितं कशाला आलायसा? जावा की घरला." मी गेलो नाही, म्हणून आज त्यांच्या साठीनिमित्त चार शब्द लिहिण्याचे भाग्य मला लाभले.

मॅडमचा आवाज मोठा आणि हात त्याहून मोठा. मुरगूडहून एस.टी.ने येणाऱ्या मुली उपाशी बसतात हे कळल्यापासून त्या घरून दोन डबे आणू लागल्या. दुसरा डबा कुणासाठी, हे त्यांनी कधीच बोलून दाखवले नाही.

त्यांची सचोटी मी एका विचित्र प्रसंगात पाहिली. फुटबॉलच्या सामन्यांचे समालोचन करणारे पेठेतले अण्णा वारले होते. त्यांचे आणि इतरांचे समालोचन असलेल्या जुन्या कॅसेटी बुरशीने खराब होत होत्या, म्हणून ते आवाज आम्ही संगणकावर घेतले आणि त्या फाइलींची सीडीवर नक्कल केली. नक्कल बिनचूक आहे का, हे पाहायला मॅडमनी तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला कोड, वापरून प्रोग्राम लिहिला. लायब्ररी प्रत्येक फाइलचा अक्षरा-आकड्यांचा एक ठसा काढते. फाइलीत कणभर फरक पडला तरी ठसा पार बदलतो. फाइलचा आणि नकलेचा ठसा जुळला की कॅसेट टाकून द्यायची, असे ठरले.

अण्णांची फाइल आम्ही वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नींना, ऐकवली. त्यांच्याजवळ नवऱ्याचा आवाज तेवढाच उरला होता. शेवटी अण्णा खोकले आणि हलकेच म्हणाले, "इंदू." वहिनी रडल्या. कॅसेट टाकायच्या पोत्यात गेली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या फाइलींपुढे 'बरोबर' आले. आम्ही चहा मागवला. मॅडम मात्र ठसेच वाचत बसल्या होत्या.

"समद्यांचा ठसा एकच कसा रं? डी चार एक डी... ह्यो तर रिकाम्याचा ठसा हाय!"

प्रोग्राम आधी लांबी मोजायला फाइल शेवटापर्यंत वाचत होता आणि तिथूनच पुढे ठसा काढत होता. लायब्ररीच्या हाती काहीच पडत नव्हते. रिकामे रिकाम्याशी जुळत होते. "चूक माझी हाय," मॅडम सगळ्यांदेखत म्हणाल्या, आणि त्यांनी फाइल पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावली. आता प्रत्येक ठसा वेगळा आला. फक्त अण्णांच्या फाइलचा तोच राहिला. आम्ही आकार पाहिला. शून्य. त्या फाइलीत कधी काही आलेच नव्हते.

मग काल आम्ही काय ऐकले?

मॅडमनी पोते उपसून कॅसेट काढली, आवाज नव्याने घेतला, ठसा पडताळला आणि वहिनींना पुन्हा बोलावले. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकले.

"खोकणं हाय. पर परवा त्यांनी माझं नाव घेटलं हुतं. आज न्हाई घेटलं."

कॅसेट खोकल्यावरच संपत होती. नाव मीही ऐकले होते. मॅडमनीही ऐकले होते. त्या म्हणाल्या, "वहिनी, ते मशिनीत नव्हतंच. म्हंजे आता ते कुणाला पुसता बी यायचं न्हाई."

ती रिकामी फाइल मॅडमनी आजही जपली आहे. संगणक बदलला की तिची नक्कल करतात आणि ठसा पडताळतात.

मॅडमनी स्वतःचा आवाज मात्र आम्हाला कधी रेकॉर्ड करू दिलेला नाही. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तो आवाज आम्हाला समोरूनच, ओरडतानाच ऐकू येत राहो. रिकाम्या फाइलीतून ऐकायची वेळ आमच्यावर कधीच न येवो.