मोकळी जागा

मावशीने नाकावर कधी माशी बसू दिली नाही. नगररचना खात्यात ती नकाशे आखायची, आणि साहेबांनी नको ती रेघ मारायला सांगितली की पेन्सिल खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसायची. शेवटी साहेबच कंटाळून निघून जायचे. ऑफिसात तिला पाठीमागे 'फूटपट्टी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

कालव्याकाठचा सायकलमार्ग तिनेच आखला. गुळगुळीत डांबर, कुठेही मोटार आडवी येणार नाही अशी वळणं, आणि बाजूने रुंद हिरवळ नि झाडं. त्या हिरवळीला नकाशावर काय म्हणायचं यावरून शेजारच्या टेबलावरच्या आरेखकाशी तिची जुंपली. हे मला पुष्कळ नंतर कळलं.

"'उद्यान' लिहा, बाई. सगळे तेच लिहितात."

"उद्यान म्हटलं की कुंपण आलं, तिकीट आलं, अंधार पडला की शिट्टी मारून माणसं हाकलणारा रखवालदार आला. माणसांना कधीही येऊन गवतावर लोळता आलं पाहिजे. मी 'मोकळी जागा' लिहिणार."

आणि तिने ठसठशीत अक्षरात तसंच लिहिलं.

पुढे काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, अर्धांगवायू झाला. घरात ते मावशीच्या खांद्याशिवाय दोन पावलं टाकू शकत नसत. पण तीनचाकी सायकलवर बसवून लुळा पाय पॅडलला पट्ट्याने बांधला, की त्या मार्गावर गडी राजा व्हायचा. ते पुढे, मावशी मागे आपल्या सायकलवर. तोल गेलाच तर बाजूला मऊ गवत होतं. "तेवढा वेळ मी माणूस असतो," ते मला म्हणायचे. "बाकी दिवसभर सामान."

मावशी निवृत्त झाली आणि सायकलमार्गाशेजारचा रस्ता रुंद करायचं ठरलं. मी तिच्याबरोबर तिच्या जुन्या ऑफिसात गेले. नव्या साहेबाने खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, हेच वाईट.

"मॅडम, उद्यान असतं तर कुणाच्या बापाला हात लावता आला नसता. पण इथे 'मोकळी जागा' लिहिलंय. नियमात मोकळी म्हणजे रिकामी. रिकामी जागा रस्त्याला घेता येते."

"मोकळी म्हणजे रिकामी नव्हे हो!"

"मला कळतं. नियमाला कळत नाही."

जिन्यात ती मटकन खाली बसली. "मीच लिहिलं गं ते," म्हणाली, आणि आरेखकाशी झालेलं भांडण सगळं सांगितलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलेली माणसं मी पाहिली आहेत, पण हा धोंडा दुसऱ्याच्या लुळ्या पायावर पडला होता.

तिने हरकती घेतल्या, दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. झाडं पडायची ती पडलीच. सायकलमार्ग म्हणून रस्त्याच्या कडेला एक रंगवलेली पट्टी उरली, तिच्यावर गाड्या उभ्या असतात. एकदा हट्टाने तिने काकांना तिथे नेलं. मागून ट्रकने हॉर्न दिला आणि ते भर रस्त्यात थिजले. मागे वाहनांची रांग, शिव्या. काका लहान मुलासारखे रडत म्हणाले, "घरी चल." परत कधी सायकलवर बसले नाहीत.

आता ते दिवसभर खुर्चीत असतात. सायकल विकायला मावशी धजत नाही, तिच्यावर टॉवेल वाळत घालते. नकाशावर शब्द चुकला, एवढंच तिने त्यांना सांगितलंय. कुणाचा चुकला, ते नाही.

परवा मी गेले तेव्हा ती त्यांना जेवण भरवत होती. काका मला म्हणाले, "हिने जीव ओतून मार्ग आखला गं. आणि मागाहून कुठल्या तरी गाढवाने तो शब्द लिहून ठेवला. हात झडले पाहिजेत त्याचे!"

मावशीने त्यांच्या ओठाच्या कडेला लागलेला भात पुसला.

"हो," ती म्हणाली. "झडले पाहिजेत."