भाऊकीची एकच पट्टी

माझ्या लग्नात मी मनगटापर्यंत बाह्यांचं झंपर घातलं होतं. भर वैशाखात. मांडवातल्या बायका म्हणाल्या, काय नवी फॅशन काढलीस गं! आत माझे दोन्ही हात पुरणपोळीसारखे टम्म फुगले होते, आणि त्यांवरची एकेक पुळी अशी, की सरकारनं तिला वेगळं रेशनकार्ड द्यावं.

ही करणी पार्लरवालीची. येळ्ळूरहून बेळगावात शिरताना वडगावच्या रस्त्याला तिचं दुकान आहे. पाटी कानडीत, बोलणं मराठीत आणि इतकं गोड, की कानाला मुंग्या लागाव्यात. तिचं नाव घेत नाही. घेतलं तर चूळ भरावी लागते.

आमच्यात नवरी पार्लरला एकटी जात नाही. लग्नाच्या आधी भाऊकीतल्या यच्चयावत बायका टेंपोत बसतात आणि नवरीच्या निमित्तानं सगळ्याच उजळून येतात. मान मोठ्यांचा, म्हणून खुर्चीवर आधी काकी, मग आत्या, मग वहिन्या. नवरी सगळ्यात शेवटी. माझ्या वेळी पार्लरवालीनं वॅक्स ओढायची पट्टी हातात धरून विचारलं होतं, "सगळ्या एकाच घरातल्या न्हवं तुमी? मग दरएकीला नवी कशाला फोडायची?"

काकीची छाती अशी फुगली, की झंपराचे हूक घाबरले. "व्हय की! एका परातीत जेवणारी मानसं आमी. आमच्यात आपलं-परकं न्हाय."

झालं. काकीच्या पिंढरीवरची पट्टी आत्याच्या हातावर, आत्याची वहिनीच्या काखेत, आणि सगळ्यांचा आशीर्वाद घेऊन शेवटी माझ्यावर. वॅक्सची लाकडी काडीसुद्धा एकच. अंगाला लावायची, पुन्हा डब्यात बुडवायची. त्या डब्यात आमच्या तीन पिढ्यांचे केस होते. तलाठ्यानं नुसता डबा पाहून वारसा लावला असता.

हळद लागली तेव्हा मी अशी किंचाळले, की वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. बेळगावातल्या कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी हात पाहून पहिलाच प्रश्न केला, "पट्टी नवी होती का?"

मी म्हणाले, "घरातल्याच होत्या सगळ्या."

त्या हसल्या नाहीत. वॅक्स ओढलं की केसांची भोकं उघडी पडतात, म्हणाल्या, आणि आत शिरणारा जंतू आडनाव विचारत नाही. पट्टी एकीची एकदाच. काडी एकदा अंगाला लागली की डब्यात परत जायची नाही, कचऱ्यातच जायची.

इथवर मी सोडूनही दिलं असतं. पण जाब विचारायला गेले, तर भरल्या दुकानात ती म्हणाली, "माझ्याकडं काय दोष न्हाय, आक्का. तुमची कातडीच तसली." हे वाक्य माझ्याआधी माझ्या सासरी, उचगावला पोचलं. वाटेत त्याला शेपूटही फुटलं: नव्या सुनेच्या अंगावर काहीतरी आहे म्हणे. सासूबाईंनी माझा टॉवेल वेगळ्या खिळ्याला नेला, आणि मी भाकरी थापायला बसले की त्या माझ्या हातांकडे असं बघायच्या, जणू पिठात काही पडणार आहे.

त्या खिळ्याकडे पाहत मी वर्षानुवर्षं सूड शिजवला. कधी वाटायचं, तिच्याच वॅक्सनं तिच्या भुवया ओढाव्यात. कधी वाटायचं, तिला तिच्याच डब्यात उभी करून राजहंसगडावरून गडगडत सोडावी.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. बहिणीची कातडी म्हणजे साय. डास चावला तरी आठवडाभर खूण राहते. आणि काकीनं पार्लर ठरवलं तेच. आई रडकुंडीला आली. मी म्हणाले, "तिथंच जायचं." आणि आईच्या शिलाई मशीनच्या खणातली कापडाची मोठी कातर पिशवीत टाकली.

दुकानात शिरताच स्टूल ओढून खुर्चीशेजारी बसले. पार्लरवालीनं मला ओळखलं, पण ओळख गिळून टाकली. "एकाच घरातल्या न्हवं?" तिनं काकीला लाडानं विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले. "आमची वाटणी झाली."

काकी खुर्चीतून उडाली. "कवा गं, भवाने?"

"आत्ताच. चुली वेगळ्या, पट्ट्या वेगळ्या. दरएकीला नवी फोडायची, बाई. वॅक्स दरएकीला वेगळ्या वाटीत, हातमोजे दरएकीला नवे. आणि भुवयांचा दोरा दातात धरायचा न्हाय, गळ्यात अडकवायचा."

पट्टी वापरून झाली की मी ती तिच्या हातातून घ्यायची, तिच्या डोळ्यांसमोर धरायची आणि कातरीनं उभी फाडायची. कर्र! काडी मोडायची. कट्ट! हातमोज्यांची बोटं एकेक करून छाटायची. दर कर्रला तिच्या कपाळावर घामाचा नवा थेंब. माझ्या जन्मात इतकं सुरेल संगीत मी ऐकलेलं नाही.

"आक्का, धुऊन वापरल्या असत्या की," ती पुटपुटली.

"म्हनून तर कापायच्या," मी म्हणाले.

रीतीप्रमाणं बहीण शेवटी बसली. तिचा एक हात झाला आणि नवा पुडा संपला. पार्लरवालीनं सहज खालचा खण ओढला आणि घडी घातलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा काढला. "नवरीसाठी पेशल," म्हणाली. बहिणीनं भाबडेपणानं दुसरा हात पुढं केला. पट्टी तिच्या मनगटाला टेकणार, तेवढ्यात मी ती हिसकली आणि ट्यूबलाइटपुढं धरली. धुऊन विटलेली. विणीत अडकलेले केस स्पष्ट दिसत होते. त्यातला एक लांब, डोक्यावरचा, मेंदीनं लालभडक झालेला.

मी पट्टी काकीच्या नाकापुढं नेली. आमच्या भाऊकीत केसांना मेंदी कुणी लावत नाही. आजोबांपासूनची शपथ आहे. काकीनं केस पाहिला, मान तिरकी करून पुन्हा पाहिला. मग तिच्या तोंडातून जो आवाज निघाला, तो खानापुरापर्यंत ऐकू गेला असणार.

"ह्यो आमच्यातला न्हाय! कुनाच्या अंगावरचं आनून आमच्या पोरीला लावतीस गं? एका घरातल्या म्हनून आमाला गुंडाळलंस, आनि आक्खं बेळगाव घातलंस व्हय आमच्या परातीत!"

जंतूंचं शास्त्र काकीला डॉक्टरीणबाईंनी समजावूनही पटलं नसतं. परक्या केसानं एका दमात पटलं. तिनं पदर खोचला आणि दारात जाऊन उभी राहिली. बाहेर पाटी वाचत थांबलेल्या दोन पोरी पट्टीकडे पाहून आल्या पावली परतल्या.

पार्लरवाली हात जोडून म्हणाली, "आक्का, बोभाटा करू नका. काय पायजे ते सांगा."

"आधी बाजारात जा. नवा पुडा आन. माझ्यासमोर फोड."

ती भर उन्हात तशीच निघाली, हातात मोजे घालून. आम्ही तिच्याच पंख्याखाली बसून तिच्याच माठातलं पाणी प्यालो. पुडा आला, माझ्यासमोर फुटला, बहिणीचा दुसरा हात झाला. कर्र. कट्ट.

"आता दुसरं," मी म्हणाले. "हळदीला यायचं. माझ्या सासूला सांगायचं, कातडी कुनाची तसली हुती ते."

ती आली. बहीण हळदीत पिवळीधमक बसली होती, अंगावर एक पुळी नाही. सासूबाईंपुढं उभी राहून पार्लरवाली मान खाली घालून म्हणाली, "चूक माझ्या पट्टीची हुती. तुमच्या सुनंला काय नव्हतं." मला ऐकू आलं होतं, तरी मी म्हणाले, "मोठ्यानं. वाजंत्री लई वाजायलीया." तिला ते पुन्हा म्हणावं लागलं, आणि नेमकी त्याच क्षणी वाजंत्री थांबली. अख्ख्या मांडवानं ऐकलं.

सासूबाईंनी हळदीची वाटी उचलली. मग माझा हात ओढून त्यांनी स्वतः त्यावर हळद चोळली, कोपरापर्यंत, सगळ्यांदेखत. उचगावला परतल्यावर माझा टॉवेल त्यांच्याच खिळ्याला, त्यांच्या टॉवेलावर टांगलेला होता.

मी तिला माफ केलं का? छे! दर महिन्याला तिथंच जाते. माझी चाहूल लागली की ती आपणहून वापरलेल्या काड्या मोडायला घेते.

"लहान तुकडे," मी म्हणते. "अजून लहान."