माझ्या पायांच्या मुंग्या

पहाटे माझ्याआधी माझी जीभ जागी होते. वैशाखात गच्चीवर वाळत घातलेल्या सांडग्यासारखी ती टाळूला चिकटून बसलेली असते, आणि मग तिच्यावर संत्र्याची एक फोड फुटते! काय तो अमृतवर्षाव! माझी पत्नी सुलभा रोज ही फोड हातावर ठेवते.

या कोरडेपणाचं श्रेय एका इवल्या गोळीचं. ट्रायसायक्लिक असं भारदस्त कुलनाम लावणारा हा औषधांचा जुना वंश. नव्या तऱ्हेच्या गोळ्या आल्या, तरी घरातल्या वडीलधाऱ्यांसारखा अजून आपला मान राखून असलेला. डॉक्टर म्हणाले होते, "हे उदासीवर चालतं, नसांच्या दुखण्यावर चालतं, अर्धशिशीवरही चालतं. तोंड कोरडं पडेल, पण गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही." मी गेलो होतो उदासीसाठी, कानात शिरलं ते नसांचं दुखणं. आयतीच पळवाट!

झालं असं, की कोराडीच्या वीजकेंद्रात तीस वर्षं यंत्रांच्या गर्जनेत काढून मी निवृत्त झालो आणि घरातल्या शांततेनं मला गिळून टाकलं. उठावंसं वाटेना. पोह्यांवरच्या झणझणीत रश्श्याची, तर्रीचीही वासना उरली नाही. आणि नागपूरकराचा तर्रीवरचा मोह सुटला, की त्याला वैराग्य तरी आलेलं असतं, नाहीतर आजार तरी. पण घर स्वतःचं, मुलं मार्गी लागलेली. अशा सुखात मन दुखतं हे बायकोला कोणत्या तोंडानं सांगायचं, तुम्हीच सांगा! मी म्हणालो, पायांना मुंग्या येतात, गोळी त्यासाठीच.

आणि माझ्या निष्पाप पायांची तपश्चर्या सुरू झाली. सकाळी मिठाच्या कोमट पाण्यात स्नान, संध्याकाळी सुलभाच्या हातून तिळाच्या तेलाचं मर्दन. पारशिवनीहून मेहुणा वामन कसलंसं तेल घेऊन आला, त्याच्या दर्पानं गल्लीतली मांजरं परागंदा झाली. दोनेक महिन्यांत मन हळूहळू उजळलं, मी पुन्हा तर्री मागून घेऊ लागलो, आणि पाय तर बोहल्यावर चढण्याच्या लायकीचे झाले.

गेल्या रविवारी वामन पुन्हा उगवला. "भाऊजी, आमच्याकडे एक वैद्य आहे. अकरा दिवसांत मुंग्या पळवते. फक्त ह्या अंग्रेजी गोळ्या आजपासून बंद करा लागते," असं म्हणत त्यानं माझी डबी उचललीसुद्धा. पुन्हा त्या शांततेच्या पोटात जायचं? मला खरोखर भीती वाटली. मी डबी हिसकावली आणि यंत्रांवर ओरडून कमावलेल्या आवाजात गरजलो, "पायाले काही झालं नाही! कधीच नव्हतं! मन दुखत होतं माझं!"

वामन खिडकीबाहेर पाहू लागला. सुलभा संत्रं सोलत होती, ती सोलतच राहिली.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "मुंग्या आलेला माणूस पाय झटकते. तुमी तर नुसते भिंतीकडे पाहत बसत होते. पण मनाले तेल कुठून लावू? पाय हाताशी होते, म्हणून पाय चोळून राहिली."

वैद्य टळला. गोळी चालू आहे. जीभ अजूनही पहाटे सांडग्यासारखी असते, आणि फोड हातावर येते. संध्याकाळी तेलाची वाटी वाजली, की दोन्ही पाय ठणठणीत असलेला मी ते आपणहून पुढे करतो.