तालमीतल्या पाहुण्या

आमच्या गावात बघण्यासारखं काही आहे, हे आम्हाला एका पत्रावरून कळलं. सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं आणि आमचा तालुका तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. पत्र शिक्षण खात्यातल्या एका मोठ्या अधिकारी बाईंचं होतं. त्यांचे आजोबा निजामाच्या काळी पलटणीत होते आणि ती पलटण आमच्या गावात तळ देऊन असे. तो जुना भाग बाईंना फिरून बघायचा होता. शेवटी लिहिलं होतं, मी चाकाच्या खुर्चीत असते, तेव्हा खुर्ची जाईल अशाच वाटेने न्यावे.

पत्र नगरपालिकेत दोन दिवस या टेबलावरून त्या टेबलावर फिरलं आणि माझ्यापाशी येऊन थांबलं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि शाळा पलटणीच्या जुन्या तबेल्यात भरत असे. भिंतीत घोडे बांधायच्या कड्या होत्या, त्यांना मुली दप्तरं अडकवत. एवढ्या पात्रतेवर मी इतिहासाची जाणकार ठरले.

मी हो म्हटलं ते अक्कासाठी. अक्का माझी थोरली बहीण. लहानपणी तापात तिचे दोन्ही पाय गेले. ती माझ्याकडे राहायची, हातमशिनवर ब्लाउज शिवायची आणि चार बेअरिंग लावलेल्या फळीवर बसून, हातांनी जमीन रेटत गावभर फिरायची. एका ठिकाणी मात्र तिला जाता येत नसे, ते म्हणजे वाचनालय. पलटणीचं जुनं कोठार ते, सात उंच पायऱ्यांवर. आत पुरुष पेपर वाचत बसत. बायकांना पुस्तक बाजूच्या खिडकीतून मिळे, तेही ग्रंथपाल देईल ते. अकरा वर्षं मी त्या खिडकीतून पुस्तकं आणत होते आणि अकरा वर्षं अक्का म्हणत होती, "चांगली पुस्तकं तो दाबून ठिवतो. मला एकदा आत जाऊन माझ्या हातानं पुस्तक काढायचंय." उचलून नेऊ म्हटलं, तर म्हणे, "मी काय सरकीचं पोतं हाय का?"

आता पाहुण्यांसाठी वाचनालयाला मुरमाचा उतार बांधायचं ठरलं. पाहुण्या गेल्या की तो काढायचंही ठरलं, कारण त्यानं पायऱ्यांची शोभा जाते असं नगरपालिकेच्या अध्यक्षांचं मत होतं. म्हणजे अक्काला आत जायचं असेल तर तेवढ्यातच.

अध्यक्षांना आधी रंगीत तालीम हवी होती. चाकाची खुर्ची गावात नव्हती. सायकल दुकानदारानं अध्यक्षांच्या ऑफिसातली वेताची खुर्ची घेतली, मागे सायकलची दोन चाकं बसवली आणि पुढे तीनचाकीचं एक. मडगार्ड आणि घंटीही लावली. खुर्ची झकास झाली, पण तिच्यात बसायला कोणी तयार होईना. धडधाकट माणूस अशा खुर्चीत बसला की त्याचे पाय जातात, असं शिपायाचं म्हणणं. उतार बांधणारा ओव्हरसियर त्याला हसला, पण स्वतः बसला नाही.

"माझ्या बहिणीला बसवा," मी म्हटलं. "तिचे आधीच गेलेत."

तालीम रविवारी सकाळी सुरू झाली. अक्का इरकली नेसून खुर्चीत बसली. काल तिला "ए, फळी बाजूला घे" म्हणणारे अध्यक्ष तिला मॅडम म्हणू लागले.

"मॅडम, प्रवासात काही तकलीफ?"

"साडी चाकात येऊन राहिली. बाकी न्हाई," अक्का म्हणाली.

पाच ठिकाणी सत्कार होता. हार मात्र एकच आणलेला आणि नारळही एक. एका ठिकाणी सत्कार झाला की शिपाई हार अक्काच्या गळ्यातून काढायचा, नारळ पिशवीत टाकायचा आणि सायकलवरून पुढच्या ठिकाणी पोचवायचा. त्याला वाटेत कोणी चहाला थांबवलं की आम्ही सगळे रस्त्यात उभे. पलटणीच्या बँडमास्तरचा बंगला, म्हणजे आताचं सरकीचं गोदाम, तिथे आम्ही अर्धा तास हाराची वाट बघितली. बघायला तिथे सरकीच होती.

विहिरीपाशी मी सांगायला लागले की इथे पलटणीच्या साहेबाचा घोडा पडला होता. कठड्यावर दोन म्हातारे बसले होते.

"घोडा न्हाई बाई, सायबच पडला," एक म्हणाला. "घोडा वर हुभा होता."

"काहून खोटं बोलतो? घोडाच पडला. माझ्या आज्यानं दोर सोडला होता."

"तुझ्या आज्यानं सायबालाच काढलं. म्हणून तर त्याला बक्षीस भेटलं न्हाई."

"दोघं पडले असं सांगू का?" मी विचारलं. उन्हं चढत होती.

दोघं एकदम माझ्यावर उलटले. "पाहुण्याला खोटं सांगता, बाई? शिकलेल्या ना तुमी?"

अक्कानं घंटी वाजवली, म्हणून आम्ही पुढे निघालो.

वाचनालयाशी उतार तयार होता आणि त्याच्या तोंडाशी लाल फीत बांधलेली होती. उद्घाटन पाहुण्यांच्या हस्ते व्हायचं होतं. ओव्हरसियर म्हणाला, "फीत कापायची न्हाई. नुसतं कात्री चालवल्यासारखं करायचं, अन् इथून परत फिरायचं. उद्घाटनाआधी उतारावर कोणी चढायचं न्हाई."

"मग तालीम कशाची?" मी म्हटलं.

नगरपालिकेची कात्री बोथट होती. अक्कानं कमरेच्या पिशवीतून स्वतःची काढली. कात्री धरायची आणि कापायचं नाही, हे तिला जन्मात जमलेलं नव्हतं. फितीचे दोन तुकडे खाली पडले. सवयीनं सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर अध्यक्षांना पुढे चला म्हणावंच लागलं. चढ पायऱ्यांइतकाच उभा होता. चौघांनी ढकललं, मी मागून आधार दिला, आणि अक्का वाचनालयात गेली.

आत दोन कपाटं होती.

अक्कानं पहिल्या कपाटावरून बोट फिरवलं. "हे वाचलं. हे वाचलं. हे दोनदा." दुसरंही तसंच संपलं. ग्रंथपाल टेबलाशी मान खाली घालून उभा होता.

"आतली खोली कुठंय?" तिनं विचारलं.

"आतली खोली न्हाई, अक्का. एवढंच हाय."

"मग मला खिडकीतून हळूहळू काहून द्यायचात?"

"सरलं तर तुमी नाराज व्हाल म्हणून."

तिला राग आला होता, पण पुस्तकं दाबून ठेवतो म्हणून ज्याच्यावर काढायचा असा आता कोणी उरला नव्हता. कार्यक्रमात पुढे पाहुण्यांच्या वहीत अभिप्राय लिहिणं होतं. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, तालमीत नुसतं पेन फिरवा." अक्कानं आधी ती वही वाचायला घेतली. तिनं न वाचलेलं तिथे तेवढंच होतं. आजवरच्या सगळ्या पाहुण्यांनी 'ग्रंथसंपदा उत्तम' असं लिहिलं होतं. तिनं खाली लिहिलं, 'सगळी पुस्तकं वाचून झाली. नवी आणा. उतार काढू नका, चढ कमी करा.' पानांना नंबर आणि शिक्के होते, त्यामुळे पान फाडायची सोय नव्हती.

खऱ्या पाहुण्या आठ दिवसांनी आल्या. फितीला मधोमध गाठ होती. वाटेत म्हाताऱ्यांनी त्यांनाही घोडा की साहेब ऐकवलं, त्या फार खूश झाल्या. अक्का घरी ब्लाउज शिवत होती, तिला कोणी बोलावलं नव्हतं. बाईंनी वही उघडली, शेवटचा मजकूर दोनदा वाचला आणि विचारलं, "या कोण?"

"तालमीतल्या पाहुण्या," ग्रंथपाल म्हणाला.

बाईंनी त्याखाली लिहिलं, 'वरील मताशी पूर्ण सहमत. पुढील वर्षी येऊन पाहीन.' आणि हुद्द्यासकट सही केली.

पुढच्या वर्षी त्या आल्या नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. पण त्या येतील म्हणून उतार काढायची हिंमत कोणी केली नाही. उलट चढ कमी झाला, कारण सहमतीत तेही होतं. अक्का दर बुधवारी फळीवरून वर जाऊ लागली. उतारावर शेळ्या उन्हाला बसायच्या, त्यांना ती "सरका, सरका" म्हणायची. आत पेपर वाचणारे पुरुष पाय आखडून घ्यायचे.

दीड वर्षानं नवी पुस्तकं मंजूर झाली आणि त्यांच्यासाठी तिसरं कपाट आलं. पुस्तकं मागून यायची होती. अक्कानं कपाट उघडून बघितलं, बंद केलं, आणि वही मागून घेतली.