तीनशे दोनची दोन बटणं

वल्लरीताईच्या फोनचा पडदा कायम काळा असतो. फोन चालू असतो, तिची बोटं त्यावर फिरत असतात, एका कानात इयरफोन असतो. पण समोर बसलेल्याला दिसतो तो एक काळा चौकोन आणि त्यात स्वतःचा चेहरा. "मला उजेडाचा उपयोग नाही, मग तो कोणासाठी लावू?" असं ती म्हणते. "आणि माझे मेसेज मला दिसत नाहीत, ते दुसऱ्यांना तरी का दिसावेत?"

नवीन पनवेलला आम्ही एकाच इमारतीत राहतो. ती तिसऱ्या मजल्यावर, तीनशे दोनमध्ये, मी चौथ्या. तिला डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. विशीत कडेचं दिसेनासं झालं. लग्नाच्या दिवशी तिला समोर उभा असलेला देवेश दिसला, त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं दिसली नाहीत. "बरंच झालं," ती सांगते, "सासरचे सगळे बाजूलाच उभे होते." आता खिडकी कुठल्या दिशेला आहे, तेवढंच कळतं. देवेश जहाजावर असतो. घरात ती आणि तिच्या सासूबाई, रमाकाकू.

ताई एका कंपनीसाठी वेबसाइट तपासते. पडद्यावर जे लिहिलेलं असतं ते फोन तिला वाचून दाखवतो, आणि तेही इतक्या वेगाने, की मला शब्द मिक्सरमध्ये टाकल्यासारखे वाटतात. न दिसणारा माणूस कुठे अडकेल हे ती शोधते आणि लिहून पाठवते. तिच्या अहवालांत एक वाक्य सारखं येतं: या बटणाला नाव नाही. बटणावर नुसतं चित्र असलं, की फोन म्हणतो 'बटण'. कशाचं, ते त्यालाही ठाऊक नसतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी रमाकाकूंनी मला जिन्यात गाठलं.

"प्रांजल, तू शिकलेली आहेस. एक विचारते, कुणाला बोलायचं नाही." त्यांनी आपला फोन माझ्या हातात दिला. आमच्या गेटवर एक ॲप आहे. कुणी आलं, की वॉचमन त्यातून घरी रिंग देतो, घरातलं कुणीतरी परवानगी देतं, आणि बाकीच्यांच्या फोनवर मेसेज जातो. काकूंच्या फोनवर तसेच मेसेज होते. 'प्रितेश आपल्या घरी आले आहेत.' खाली पुन्हा प्रितेश. त्याच्याही खाली प्रितेशच. सगळे दुपारचे, त्या भजनाला गेलेल्या वेळेचे.

"कोण गं हा प्रितेश?"

"पार्सलवाला असेल, काकू."

"मग पार्सल कुठाय? घरात एक खोकं आलेलं नाही. दार लावून बसते, फोनशी बोलते, आणि मी गेले की पडदा काळा. ज्याला लपवायचं नाही तो काळं कशाला करेल?" त्यांचा आवाज खाली आला. "शनिवारी देवेशचा फोन येईल. मी त्याला सांगणार. त्याआधी तू एकदा बघ. तुझ्याशी ती बोलते."

मी बघणार नव्हते. तरी त्याच दुपारी गेले. सोबत नेलेल्या वाटीतल्या चटणीचं काही कारण नव्हतं, आणि ते ताईलाही कळलं असावं.

"बस," ती म्हणाली. "आईंनी पाठवलं?"

"नाही गं."

"मग ठीक." तिने फोन पालथा ठेवला. काळा फोन पालथा घालायची काय गरज, असं माझ्या मनात आलं आणि माझीच मला लाज वाटली. पण विचार आला तो आलाच. मी चपलांच्या स्टँडकडे पाहिलं. बाथरूमच्या दाराकडे पाहिलं.

"आई दारात उभ्या राहतात," ताई म्हणाली. "काही बोलत नाहीत, नुसत्या बघतात. त्यांना वाटतं मला कळत नाही. त्यांच्या गुडघ्याच्या मलमाचा वास माझ्याआधी माझ्या लॅपटॉपला येत असेल." ती हसली नाही. "आणि त्या गेल्या, की थोड्या वेळाने गेटची रिंग वाजते. रोज. कुणी येत नाही. मला वाटतं त्याच खाली सांगून जातात, वर एकदा वाजवून बघ, आहे का घरात. हजेरी."

"मग तू काय करतेस?"

"बंद करते. दुसरं काय करू?"

मी वर आले. एकीकडे रोज येणारा आणि कुणालाही न दिसणारा माणूस, दुसरीकडे कुणालाही न आणणारी रिंग. दोघींपैकी एक जण खोटं बोलत होती, एवढं मला नक्की वाटत होतं. कोण, ते ठरत नव्हतं. ताईला दिसत नसताना ती खिडकीकडे तोंड करून बसते, हेसुद्धा त्या दिवशी मला खटकलं.

शुक्रवारी काकू टाळ पिशवीत घालून भजनाला निघाल्या, आणि फाटकापर्यंत जाऊन मागच्या जिन्याने माझ्याकडे आल्या. "चल. आज त्याला समोरासमोरच विचारू."

आम्ही तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मधल्या पायऱ्यांवर बसलो. काकूंनी पिशवी मांडीवर घट्ट धरली होती, तरी टाळ मधूनच किणकिणत होते. खाली तीनशे दोनचं दार बंद होतं. बऱ्याच वेळाने दारामागे गेटची रिंग ऐकू आली, आणि लगेच थांबली. काकूंच्या फोनवर मेसेज उजळला. 'प्रितेश आपल्या घरी आले आहेत.'

लिफ्ट निघाली. काकू उठून उभ्या राहिल्या. लिफ्ट तिसऱ्यावर थांबलीच नाही. आमच्या शेजारून वर गेली आणि पाचव्यावर थांबली.

"पाचव्यावर लपतोय!" काकू ओरडल्या, आणि त्या गुडघ्यांनी त्या जशा धावल्या तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी मागे. पाचव्या मजल्यावर खांद्याला मोठी बॅग अडकवलेला एक मुलगा एका दारासमोर खोकं ठेवून त्याचा फोटो काढत होता.

"तूच प्रितेश?"

"हो आजी. काय झालं?"

"माझ्या सुनेकडे रोज येतोस!"

तो माझ्याकडे बघायला लागला. "मॅडम, मी पाचव्याला येतो, सातव्याला येतो. तिसऱ्यावर आजपर्यंत एक पार्सल नाही. वॉचमननी सोडलं, मी आलो. त्यांना विचारा."

खाली गोंधळ ऐकून ताईने दार उघडलं होतं. काकूंनी दत्तामामांना वर बोलावून घेतलं. दत्तामामा बेलपाड्याचे, गेटवर पहिल्यापासून तेच आहेत. ते टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"काकी, आमी काय करनार? पाचव्यावाली फोन उचलत नाय, सातव्यावाली हापिसात. पोऱ्या उन्हात उभा. मंग मी तीनशे दोनचा नंबर टाकतो. या म्याडम एका झटक्यात हो बोलतात. अख्ख्या बिल्डिंगीत यांच्यासारखी म्याडम नाय."

"मी हो म्हणते?" ताईचा आवाज बारीक झाला. "मी रिंग बंद करते, मामा."

"नाय वो, हिरवा येतो माज्याकडं. रोज हिरवा."

 मग तिने फोनवर बोटं फिरवली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच, असं काकू नंतर म्हणाल्या, त्या घरात तिच्या फोनचा पडदा उजळला. तिने तो माझ्यापुढे धरला. "मामा, तुमच्या गेटच्या फोनवरून पुन्हा रिंग द्या. प्रांजल, बघ आणि सांग."

रिंग वाजली. पडद्यावर दोन गोल होते. एक हिरवा, त्यात बरोबरची खूण. एक लाल, त्यात फुली. अक्षर एकही नव्हतं. वर प्रितेशचं नाव होतं, पण तेही चित्रातच. फोन घाईघाईने बोलला: "बटण. बटण."

"मला एवढंच ऐकू येतं," ताई म्हणाली. "पहिलं दाबलं की आवाज थांबतो. मला वाटलं ते 'नको'चं आहे. कंपनीला मी दोनदा लिहिलं, सूचनेबद्दल आभार, असं उत्तर आलं. मग अंदाजाने दाबत राहिले." ती थांबली. "लोकांच्या वेबसाइटना मी हेच लिहून पाठवते, की माणसाला अंदाज करायला लावू नका."

दत्तामामा पाय न वाजवता निघून गेले. प्रितेश केव्हाच गेला होता. ताईने काकूंच्या दिशेने तोंड वळवलं.

"म्हणजे तुम्ही जिन्यात बसला होतात."

"आणि तुला वाटत होतं मी गेटवरून तुझी हजेरी घेते," काकू म्हणाल्या. त्यांच्या हातातली पिशवी किणकिणली. "दार लावतेस म्हणून मला वाटलं."

"तुम्ही दारात उभ्या राहता म्हणून लावते."

शनिवारी देवेशचा फोन आला तेव्हा मी तिथे होते. मला मुद्दाम बोलावलं होतं, कुणी ते मला नीट कळलं नाही. काकूंनी जेवणखाण, गुडघे, हवा सगळं सांगितलं.  ताईचं बोट टेबलाच्या कडेवर थांबलेलं होतं.

"बाकी ठीक," काकू म्हणाल्या. "गेटचं ॲप वाईट आहे. तू तिला विचार, ती सांगेल." आणि फोन तिच्या हातात दिला.

ताईने या वेळी कंपनीला आभाराच्या उत्तरावर थांबू दिलं नाही. काय घडलं ते सगळं लिहिलं, प्रितेशसकट. सोसायटीच्या सभेत काकूंनीच विषय काढला, आणि सेक्रेटरींनी बाकीच्यांना आपापले फोन उचलायला सांगितलं. बटणांना नावं मिळायला उन्हाळा उजाडला. ताईचा पडदा अजून काळाच असतो. काकू अजून दारापर्यंत येतात, पण आता आधी खाकरतात. त्या खाकरण्यात थोडा राग असतो, असं ताई म्हणते.

परवा मी तिच्याकडे बसले होते. दत्तामामा रजेवर, गेटवर कुणी नवखा. रिंग वाजली. फोन स्वच्छ बोलला: "रमा आल्या आहेत. आत सोडा, बटण. परत पाठवा, बटण."

ताईचं बोट पहिल्यावर गेलं. मग दुसऱ्यावर सरकलं, आणि तिथेच राहिलं. रिंग वाजत होती. मला वाटला तितका वेळ गेलाही नसेल. मग बोट पुन्हा मागे आलं.

काकू घामाघूम होऊन दारात उभ्या राहिल्या, खाकरल्या. "स्वतःच्या घरात यायला परवानगी! आणि तीही किती वेळाने दिलीस गं?"

"आता दोन बटणं आहेत ना, आई," ताई म्हणाली. "निवडायला वेळ लागतो."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मी काही सांगितलं नाही.