चालू गाडीतला रुसवा

गाडी चालू ठेवली म्हणून माझ्या नातवाचं लग्न मोडायलाच आलं होतं.

बॅटरी उतरली ती माझ्यामुळं, असं लेक दिगंबर म्हणतो. (मी अजून कबूल केलेलं न्हाई.) आमच्या साखरा गावात गाडी उभीच असायची, मग मी रोज तिच्यात बसून भजनं ऐकायचो. एवढी गाडी घेतली ती काय नुसती पुसायला?

नेमकं कुरुंद्याला नातवाची सुपारी फोडायला निघालो, अन् गाडी नुसती 'टिक' म्हणली!

"बाबा, दुसऱ्याची गाडी मागू."

"न्हाई! आपल्या गाडीनं येतो म्हणून सांगितलंय मी!"

शेवटी बैल जुंपले. बैलांनी ओढली, दिगंबरनं गेर टाकला, गाडी फुरफुरली. दोर सोडायला जरा उशीर झाला असता तर बैलबी सोयरे म्हणून आले असते!

कुरुंद्यात दारासमोर मी फर्मावलं, "तुमी आत जा. मी गाडी चालू ठेवून बसतो. बॅटरीचं कोणापाशी बोलाल तर याद राखा!" होणाऱ्या व्याह्याच्या दारात धक्का मारायचा म्हणजे इज्जतच गेली की!

पोरीचा बाप बापूराव धावत आला. "मामा, उतरा की!"

"हितंच बराबर हाय."

"काहून?"

"हवा चांगली हाय." (काचा बंद. वर ऊन.)

झालं! आत बोंब उठली, "नवरदेवाचा आजा रुसला!" आमच्याकडं रुसलेल्या सोयऱ्याला मान देऊन उतरवतात. टोपी-टॉवेल आला. मी टोपी घातली, उतरलो न्हाई. मग धोतरजोडी आली. मग शाल. माझ्या मांडीवर कापडाचं दुकानच लागलं!

बापूरावाचे डोळे भरले. "मामा, गाडीबी बंद करून न्हाई राहिले, म्हणजे माघारी जायचं ठरवलंत! पोरगी आत रडून राहिली. आमचं चुकलं काय?"

खरं बोलावं तर इज्जत जाते, न बोलावं तर सोयरीक!

तेवढ्यात आमची म्हातारी फणफणत बाहेर आली. "रुसलंय कोण? गाडीची बॅटरी उतरलीय, अन् ह्यांच्या डोक्याची तिच्याबी आधी! उतरा खाली!"

उतरलो. दिगंबरनं गाडी बंद केली. बापूराव असा हसला की डोळ्यांतलं पाणी मिशीत आलं. सुपारी फुटली. निघताना दोन्हीकडचे सोयरे, कपाळाला कुंकू लावलेले, गाडी ढकलत होते. मी आत शाल पांघरून नमस्कार करत होतो.

आता गाडीला नवी बॅटरी हाय. तरीबी कुरुंद्याला गेलो की मी दारात जरा वेळ गाडीतच बसतो. काय सांगावं, अजून एखादी टोपी आली तर!